शिडाच्या नौकेवरील संसार

घर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चार भिंती, छप्पर आणि उंबरठा येतो. त्या घराची जमीन आपल्या पायांखाली स्थिर असते, ही गोष्ट सांगण्याचीही आपल्याला गरज वाटत नाही. परंतु ज्या घराची जमीन रात्रंदिवस डोलत असते, जिथे पिण्याचे पाणी पेल्याने मोजून घ्यावे लागते आणि शेगडीवरचे भांडे अडकवून ठेवल्याशिवाय जागेवर राहत नाही, अशा घरात आठ-आठ महिने राहणारी माणसे आहेत. त्यांचे घर म्हणजे शिडाची नौका. त्या घरातील दिनक्रमाची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत.

शिडाच्या नौकेत बिऱ्हाड थाटून राहण्याची रीत पाश्चात्त्य देशांत बरीच रूढ आहे. क्रिकेटमुळे आपल्या परिचयाच्या झालेल्या वेस्ट इंडीजच्या बेटांभोवती, म्हणजे कॅरिबियन समुद्रात, अशी अनेक कुटुंबे आढळतात. हिवाळ्याच्या तोंडाशी युरोपातील कित्येक नौका कॅनरी बेटांवरून निघतात आणि ईशान्येकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांच्या आधाराने सुमारे २,७०० सागरी मैलांचा पल्ला तीनेक आठवड्यांत पार करून या बेटांना लागतात. तेथे डिसेंबर ते मे हा सुखाचा काळ असतो. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम मानला जातो. तेव्हा ही मंडळी ग्रेनाडा किंवा त्रिनिदाद अशा दक्षिणेकडील बेटांच्या आश्रयाला जातात. तो आश्रयही पूर्ण भरवशाचा नसतो. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ हे वादळ ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटावर आदळले, तेव्हा खारफुटीच्या आडोशाला बांधून ठेवलेल्या नौकांचीही हानी झाली. आपल्या कोकणातील कोळीबांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा दर्यात उतरतात. वाऱ्याचे हे पंचांग जगातील सगळ्याच दर्यावर्दींना पाळावे लागते.

मात्र हौसेने एका बेटावरून दुसऱ्या बेटावर फिरणे वेगळे आणि महिना-दीड महिना किनाऱ्याचे दर्शनही न होता पृथ्वीला वळसा घालणे वेगळे. या दुसऱ्या प्रकारच्या जीवनाची उत्तम उदाहरणे आपल्याच देशात घडली आहेत आणि त्यांचे धागेदोरे महाराष्ट्राशी व गोव्याशी जुळलेले आहेत.

१९८५ ते १९८७ या काळात भूदलातील अभियंत्यांनी ‘तृष्णा’ नावाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. परंतु एखाद्या भारतीयाने ती एकट्याने करावी, हा ध्यास घेतला व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले हे नौदलाधिकारी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहत. पर्जन्यछायेतील, समुद्रापासून कितीतरी दूर असलेल्या त्या गावात बसून ते सागराचा विचार करीत होते, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. त्यांच्या या योजनेला ‘सागर परिक्रमा’ असे नाव मिळाले. ती पार पाडण्यासाठी नौदलातील कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात मांडवी नदीतील दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौका बांधली गेली. मांडवीच्या जुन्या नावावरून तिचे नाव ‘म्हादई’ ठेवण्यात आले. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबत १९ मे २०१० रोजी मुंबईला परतले. पुढे १ नोव्हेंबर २०१२ रोजी अभिलाष टॉमी याच ‘म्हादई’तून निघाले आणि कोठेही न थांबता पाच महिन्यांनी मुंबईस परत आले.

त्यानंतर पाळी आली स्त्रियांची. ‘म्हादई’ची धाकटी बहीण म्हणता येईल अशी ‘तारिणी’ ही नौका त्याच कारखान्यात तयार झाली. १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलातील सहा महिला अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या. वर्तिका जोशी या त्यांच्या प्रमुख होत्या. प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापती, एस. विजया देवी आणि पायल गुप्ता या त्यांच्या सहकारी. त्यांना शिकवण्याचे काम दोंदे यांनी केले. या सहाजणींपैकी स्वाती विशाखापट्टणमच्या. परंतु वर्तिका हृषीकेशच्या, प्रतिभा कुल्लूच्या, पायल देहरादूनच्या आणि विजया देवी मणिपूरच्या. दिल्ली परिसरात राहून, समुद्र केवळ चित्रात पाहिलेल्या आपल्यापैकी अनेकांनी हे लक्षात घ्यावे. समुद्राची विद्या किनाऱ्यावर जन्मणाऱ्यांनाच साध्य होते असे नाही.

आता नौकेच्या आत शिरू. ‘तारिणी’ची लांबी ५६ फूट, म्हणजे सुमारे १७ मीटर. डोलकाठीची उंची सुमारे २५ मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढी. ही उंची शिडांसाठी असते. माणसांच्या वाट्याला येते ती नौकेच्या पोटातील चिंचोळी जागा. त्या जागेत स्वयंपाकाचा ओटा, नकाशे व यंत्रे ठेवण्याचे मेज, झोपण्यासाठी फळ्या, शौचकूप, इंजिन, पाण्याच्या टाक्या, सुटे भाग आणि कित्येक महिन्यांचा शिधा हे सारे बसवावे लागते. झोपण्याच्या फळीला एका बाजूने कापडाची झोळी बांधलेली असते. ती नसेल तर नौका कलताच झोपलेला माणूस खाली पडेल. शिडाची नौका वाऱ्याच्या दाबाने एका अंगावर कलूनच चालते, तिच्या तळाशी असलेले जड वजन तिला उलटू देत नाही. त्यामुळे आत राहणारा माणूस जणू उतारावर बांधलेल्या घरात राहत असतो आणि वाऱ्याची बाजू बदलली की हा उतारही उलट्या दिशेला जातो.

नौका जाते तरी किती वेगाने? समुद्रावरील अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. विषुववृत्ताचे ३६० अंश असतात आणि प्रत्येक अंशाचे ६० भाग केले तर २१,६०० भाग होतात. त्यातील एक भाग म्हणजे साधारण एक सागरी मैल. म्हणूनच पृथ्वीप्रदक्षिणा मान्य होण्यासाठी किमान २१,६०० सागरी मैल प्रवास व्हावा, सर्व रेखावृत्ते ओलांडली जावीत, विषुववृत्त पार केले जावे, कालव्याचा आडमार्ग घेऊ नये आणि निघाल्या बंदरी परत यावे, असा संकेत आहे. ‘तारिणी’ची मोहीम एकूण २५४ दिवस चालली. त्यांपैकी १९९ दिवस ती समुद्रावर होती. हिशेब केला तर दिवसाला सरासरी १०८ सागरी मैल, म्हणजे दोनशे किलोमीटर अंतर पडते. दिल्लीहून जवळजवळ आग्र्यापर्यंत पोहोचण्याइतके अंतर, तेही चोवीस तास अखंड चालून! ताशी वेग काढला तर तो साडेआठ किलोमीटरही भरत नाही. रस्त्यावरची सायकलही याहून वेगाने जाते. एवढ्या संथ चालीने माणसे पृथ्वीला वळसा घालतात.

या घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे गोडे पाणी. चहूकडे पाणी आणि पिण्याला त्यातील थेंबही उपयोगाचा नाही, अशी स्थिती. न्यूझीलंडमधील लिटल्टन बंदरापासून दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांवरच्या पोर्ट स्टॅन्ली बंदरापर्यंत पोहोचायला ‘तारिणी’ला सुमारे एकेचाळीस दिवस लागले. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज चारच लिटर पाणी धरले, तरी सहाजणींना एवढ्या दिवसांत जवळजवळ हजार लिटर पाणी लागेल. खाऱ्या पाण्यातून क्षार वेगळे करणारी यंत्रे आता अशा नौकांवर बसवता येतात, पण यंत्रावर सर्वस्वी विसंबून राहणे शहाणपणाचे नसते. ते बिघडले तर मध्येच नळदुरुस्ती करणारा मिळत नाही. म्हणून भांडी समुद्राच्या पाण्याने घासतात, अंघोळही बहुधा त्याच पाण्याने उरकतात, भात किंवा बटाटे शिजवताना थोडे समुद्राचे पाणी मिसळून मिठाचेही काम भागवतात. पाऊस आला की सगळे बाहेर धावतात. शिडावर पडणारे पाणी खाली एका पन्हळीत जमवून बादलीत धरतात. पहिल्या सरीचे पाणी मात्र सोडून द्यावे लागते, कारण शिडावर मिठाचा थर बसलेला असतो. ज्या वस्तीत आठवड्यातून दोनदा टँकर येतो, तेथील गृहिणीला यातील कोणतीही गोष्ट नव्याने शिकवावी लागणार नाही.

स्वयंपाकाची शेगडी दोन्ही बाजूंना खुंट्यांवर टांगलेली असते. त्यामुळे नौका कितीही कलली तरी शेगडी पाळण्यासारखी झुलत सपाट राहते. भांड्याभोवती आडव्या पट्ट्या असतात. उकळते पाणी अंगावर सांडणे हा समुद्रावरील नेहमीचा अपघात आहे आणि वैद्यकीय मदत तेथून शेकडो मैल दूर असते. यासाठीच आपला घरगुती प्रेशर कुकर अशा नौकांवर फार लोकप्रिय आहे: झाकण बंद असल्यामुळे अन्न सांडत नाही आणि इंधनही कमी लागते. हिरव्या भाज्या पहिल्या पंधरवड्यात संपतात. कांदे-बटाटे जाळीत टांगून ठेवले तर बरेच दिवस टिकतात. त्यानंतर डाळ, तांदूळ, कडधान्ये आणि पाणी काढून टाकलेले तयार अन्न यांवर निभवावे लागते. आपल्या सैन्यदलांसाठी असे टिकाऊ अन्न विकसित करण्याचे काम म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने केले. २०१७ सालची दिवाळी ‘तारिणी’वरच्या सहाजणींनी हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाचा किनारा अजून काही दिवसांच्या अंतरावर असताना काढली, नवे वर्ष उजाडले ते प्रशांत महासागरात.

कचऱ्याबद्दल एक वाक्य सांगितले पाहिजे. प्लास्टिकचा कोणताही तुकडा समुद्रात टाकण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनी पूर्ण बंदी आहे. म्हणून रिकामी पाकिटे धुऊन, दाबून, पुढच्या बंदरापर्यंत सांभाळून न्यावी लागतात. आधीच अपुऱ्या असलेल्या जागेत तीही भर.

झोपेचा प्रश्न पाण्याइतकाच कठीण आहे. नौका रात्री थांबत नाही, कारण खोल समुद्रात नांगर टाकता येत नाही. कोणीतरी सतत जागे राहून वारा, शिडे, दोर आणि येणारी-जाणारी जहाजे यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. म्हणून दिवसाचे पाळीनुसार भाग पाडतात. पाळीवर असणारी व्यक्ती कमरेचा पट्टा दोरीने नौकेला जोडूनच वर जाते, कारण अंधारात लाटेने बाहेर फेकलेला माणूस सापडण्याची आशा फार थोडी असते. सहाजण असतील तर ही व्यवस्था बरी चालते. एकट्याला मात्र वीस मिनिटे, अर्धा तास अशा तुकड्यांत झोपावे लागते. त्या वेळी सुकाणू सांभाळते ते विजेवर किंवा केवळ वाऱ्याच्या बळावर चालणारे यंत्र. विजेचे यंत्र वापरावे तर वीज हवी. ती मिळते सौरपट्ट्यांतून किंवा डिझेलवर चालणाऱ्या जनित्रातून, म्हणजे तिथेही हिशेब आलाच.

माझ्या मते या जीवनाचा खरा गाभा दुरुस्तीत आहे. साहसकथांत वादळांची वर्णने फार असतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळ जातो तो तपासणीत आणि डागडुजीत. दोर एकाच ठिकाणी घासून झिजू नये म्हणून तो दररोज थोडा सरकवायचा, फाटलेले शीड सुईदोऱ्याने शिवायचे, कप्प्या पाहायच्या, तळाशी साचलेले पाणी उपसून ते गोडे आहे की खारे याची चव घेऊन पाहायची. गोडे असेल तर टाकी गळते आहे, खारे असेल तर समुद्र आत येतो आहे! डोलकाठीच्या टोकाशी बिघाड झाला तर झुलत्या काठीवर चढून जावे लागते. एप्रिल २०१८ मध्ये, गोवा आता जवळ आले असे वाटत असताना, ‘तारिणी’च्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. ठरलेल्या कार्यक्रमात नसतानाही तिला मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात दुरुस्तीसाठी जावे लागले. घाईने तसेच पुढे जाण्याचा मोह अधिकाऱ्यांनी टाळला. मोहीम काही दिवस लांबली आणि २१ मे २०१८ रोजी सहाहीजणी सुखरूप परतल्या.

दक्षिण गोलार्धात चाळीस अंश अक्षांशाच्या पलीकडे वाऱ्यांना अडवणारी जमीन जवळजवळ नाही. तेथील पश्चिमी वाऱ्यांना भूगोलाच्या पुस्तकात ‘गरजणारे चाळीस’ म्हणतात. शिडाच्या नौकेला पूर्वेकडे ढकलणारे हेच वारे, आणि तिला मोडणारेही हेच. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेले केप हॉर्न हे भूशिर ५६ अंश दक्षिण अक्षांशावर येते. तेथून जायचे ते जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात. दिलीप दोंदे यांनी ते २६ जानेवारी २०१० या दिवशी, प्रजासत्ताक दिनी, पार केले.

या वाऱ्यांनी काय होऊ शकते, हे २०१८ साली दिसून आले. एकट्याने आणि न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणजे इंग्लंडचा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १९६८-६९ मध्ये त्याने ज्या ‘सुहैली’ नौकेतून हा पराक्रम केला, ती मुंबईत सागवानी लाकडाची बांधलेली होती. त्या घटनेला पन्नास वर्षे झाली म्हणून भरवलेल्या शर्यतीत अभिलाष टॉमी उतरले. त्यांची ‘थुरिया’ ही नौका ‘सुहैली’च्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेली होती. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरापासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, उभेही राहता येत नाही अशा अवस्थेत ते नौकेत पडून होते. भारतीय नौदलाच्या विमानाने त्यांचा ठावठिकाणा पाहिला आणि २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांची सुटका केली. हे टॉमी पुढे पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने ती पूर्ण केली.

सहाजणींनंतर नौदलाने दोघींनाच पाठवले. लेफ्टनंट कमांडर के. दिलना आणि ए. रूपा या २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून ‘तारिणी’तून निघाल्या आणि सुमारे २५,४०० सागरी मैल पार करून २९ मे २०२५ रोजी परतल्या. दोघी असल्या की सोबत भरपूर असेल असे आपल्याला वाटते. पाळ्यांचा विचार केला की लक्षात येते, एक जागी तर दुसरी झोपलेली. जेवण हातात देताना आणि पाळी बदलताना काय तेवढी भेट. भांडण झाले तर रुसून जाऊन बसायला दुसरी खोली नाही आणि जिच्याशी अबोला धरायचा, तिच्याच जागेपणावर आपली झोप विसंबलेली. ३० जानेवारी २०२५ रोजी त्या दोघी ‘पॉइंट नेमो’ येथून गेल्या. दक्षिण प्रशांत महासागरातील हे ठिकाण जमिनीपासून सर्वाधिक दूर समजले जाते. कोणत्याही दिशेला गेले तरी सर्वांत जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटरवर. पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या अंतराळस्थानकातील अंतराळवीर डोक्यावरून जातात, तेव्हा तेच त्यांचे सर्वांत जवळचे शेजारी ठरतात.

पूर्वेकडे जाणाऱ्या नौकेवर आणखी एक गंमत घडते. दर पंधरा रेखांशांमागे घड्याळ एक तास पुढे करावे लागते, आणि प्रशांत महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच एकच वार दोनदा येतो. त्या जादा दिवशीही पाळ्या असतातच, आणि पाणी व शिधाही लागतोच.

अखेर नौका धक्क्याला लागते. इतके महिने डोलत्या फळ्यांवर तोल सांभाळणारे पाय जमिनीवर टेकतात आणि जमीनच डोलू लागल्यासारखी वाटते. काही दिवस चालताना पाय फाकलेले राहतात, हात नकळत आधार शोधतो. नळ सोडला की पाणी वाहतच राहते, हे पाहून तो हात पटकन नळ बंद करतो. रात्री, कोणीही न उठवता, पाळीच्या वेळेला जाग येते. वारा कुठला आहे हे पाहण्यासाठी माणूस उठून बसतो आणि खिडकीपाशी जातो.